गाडीसमोर बोलायचं नाही

बार्शी नाक्याच्या वळणावर रिक्षाला एक शेळी आडवी आली. रिक्षावाल्यानं हँडल डावीकडं ओढलं आणि मागं बसलेल्या जोयाचे दोन्ही पाय तिला न विचारता ताठ झाले. उजवा जरा जास्तच. पुढं दाबायला काही नव्हतं, रिक्षावाल्याच्या सीटचा पत्रा होता. त्या पत्र्यावर तिचा चवडा असा बसला की त्यानं वळून बघितलं. "ताई, ब्रेक माझ्याकडं हाय," तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. शेळी पलीकडं गेली, तिला उकिरड्यावर काहीतरी सापडलं, रिक्षा पुन्हा धडधडत निघाली. पण जोयाचा पाय काही खाली यायला तयार नव्हता. मांडी आवळलेली, गुडघा ताठ, घोट्यातून बारीक कापरं. तिनं मांडीवरचा अब्बांच्या जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि पायावरून हात फिरवला, लहान पोराला थोपटतात तसा. तिला वाटलं होतं, घरी आलं, अम्मीच्या हातचं चार घास खाल्लं, दुपारी पंख्याखाली झोप काढली, की अंगातून जाईल ते. डोक्यातून जायला वेळ लागेल, पण अंग भोळं असतं, ते विसरतं. कसलं काय! अंगानंच तर धरून ठेवलं होतं. पाय अजून तिकडंच होता, त्या धावपट्टीवर, उजवं पेडल दाबत, आणि विमान आपलं डावीकडंच चाललेलं.

पर्समधल्या फोनवर विमान शिकवणाऱ्या कॅप्टनसाहेबांचा निरोप होता. तो तिनं इतक्यांदा वाचला होता की आता उघडायची गरज उरली नव्हती. सोमवारी ये, नवीन विमान आलं आहे, आधी माझ्याबरोबर एक फेरी, मग एकटी. आली नाहीस तर तुझी जागा पुढच्या मुलाला द्यावी लागेल, राग मानू नको. म्हणजे उद्या दुपारी बस धरायची, नाहीतर कायमचं राहू द्यायचं. मधलं काही नाही. आणि इकडं बशीरगंजातल्या त्यांच्या गल्लीत तिला आता कुणी जोया म्हणतच नव्हतं. दिलावर मिस्त्रीची पायलट आली, असं म्हणत. केळीवाले चाचा केळी देताना एक जास्तीचं टाकत आणि विचारत, वरून आपलं बीड कसं दिसतं? तिनं बीड वरून कधी पाहिलंच नव्हतं. तिची विमान शिकायची जागा लांब, गोदावरी ओलांडून चार जिल्हे टाकून पलीकडं, उन्हानं भाजलेल्या माळावर. तरी ती म्हणायची, लई भारी दिसतं चाचा. आता ह्या लोकांना काय सांगायचं? पायलट घाबरली? अम्मीला सांगता आलं असतं. अम्मीनं तर मुसल्ला अंथरून शुक्राना नमाज पढला असता. अवघड होतं ते अब्बांना सांगणं, आणि तिच्या स्वतःच्या भीतीमुळं नव्हे. भीती वाटते असं सांगितलं असतं तर अब्बा हसले असते, डोक्यावर टपली मारली असती, संपलं असतं. पण मग त्यांनी कारण विचारलं असतं, कावून? त्या एका शब्दाला ती भीत होती.

अब्बांचं, म्हणजे दिलावर मिस्त्रींचं, गॅरेज जालना रोडला, पत्र्याचं शेड आणि पुढं लिंब. जीपा, पिकअप, छोटे हत्ती, ऊसतोडीला माणसं निघायच्या आधी ट्रॅक्टर. ह्या माणसानं जन्मात दोन गोष्टी केल्या नव्हत्या. उभ्यानं पाणी प्यायलं नव्हतं, आणि गाडीसमोर गाडी विकायचा विषय काढला नव्हता. गिऱ्हाईक शेडमध्ये येऊन म्हणालं, मिस्त्री, ही काढून टाकावी म्हणतो, की अब्बा हातातला पाना खाली ठेवायचे, त्याच्या दंडाला धरायचे आणि रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर न्यायचे. तिथं काय ते बोलायचं, तेसुद्धा गाडीकडं पाठ करून. कुणी हसलं तर चिडायचे नाहीत. "हासा. पर घाटात तिनं दगा दिला तर मला फोन करू नगा," एवढंच. आता ड्रायव्हर लोकांत ही समजूत सगळीकडंच असते म्हणा. पण इतरांची ती समजूत, अब्बांचं ते इमान. जोया अगदी लहान असताना घरच्या जुन्या स्कूटरसमोर उभं राहून म्हणाली होती, अब्बा, नवी घेऊ या ना, आणि अब्बांनी धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला होता. त्या हाताची ग्रीसची कडवट चव तिला आजही जिभेवर आणता येत होती. राग आला नव्हता तेव्हा. उलट छातीत धस्स झालं होतं, की बापरे, हिनं ऐकलं.

आणि बाई की बाप्या हे तर पहिल्या दिवशीच ठरायचं. गाडी नवी शेडमध्ये आली की अब्बा इंजिन चालू ठेवून बॉनेटवर तळहात टेकवायचे, मान कलती करून ऐकायचे आणि सांगायचे, ही बाई हाय. किंवा, ह्यो बाप्या. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन जीपा शेजारी शेजारी उभ्या, त्यातली एक बाई आणि एक बाप्या! कसं ओळखता, असं विचारलं तर म्हणायचे, "बाप्याला कणकण आली की सगळ्या गावाला कळतं. बाई उकळी फुटंपतूर बोलत न्हाई." मग त्या हिशोबानं तिच्याशी बोलायचं, हात लावायचा, पाणी बघायचं. अम्मी ह्यावर फणकारायची, लोखंडाचं कळतं तुमाला, घरातल्या बाईचं कधी कळणार? अब्बा म्हणायचे, तू रोज उकळतीस, तुला काय बघायचं.

शिकायला गेली तेव्हा जोयानं हे सगळं गाठोड्यात बांधून घरीच ठेवलं होतं. तिला थोडी लाजच वाटत होती. तिथं इंग्रजी बोलणारी पोरं, काळे चष्मे, विमानांना नुसती अक्षरं आणि आकडे. तिथं बाई काय नि बाप्या काय. आणि मग पहिल्याच आठवड्यात केरळच्या कॅप्टनसाहेबांनी विमानाच्या नाकावर थाप मारून इंग्रजीत सांगितलं, ही जरा हट्टी आहे, पण मनानं चांगली आहे. ही! त्यांना तसंच शिकवलं होतं त्यांच्या गुरूंनी, गुरूंना गोऱ्या साहेबांनी, साहेब लोकांना त्यांच्या खलाशांनी. त्यांच्या स्वतःच्या भाषेत म्हणे विमान नुसतं 'ते'; म्हणून ते शिव्या मल्याळममध्ये द्यायचे आणि कौतुक इंग्रजीत करायचे. पंजाबी इंजिनिअरसाठी तेच विमान पुरुष. बंदा शरीफ आहे, फक्त सकाळी उशिरा उठतो, असं ते थंडीतल्या सकाळी इंजिन पकडत नसलं की सांगायचे, आणि खरोखर दाराशी उभं राहून भावाची वाट बघावी तसे थांबायचे. एक रशियन शिक्षक महिनाभर आला होता, पुढचा एक दात सोन्याचा. त्याच्या भाषेत ते म्हातारं माणूस होतं, चल रे म्हाताऱ्या, असं म्हणत तो वर जायचा, आणि उतरणं मनासारखं झालं की त्याच म्हाताऱ्याची एकदम पाकोळी व्हायची, त्याची लाडकी पाकोळी. जोयाच्या खोलीतली बंगाली मैत्रीण म्हणायची, आमच्यात तो आणि ती ही भानगडच नाही, एकच शब्द सगळ्यांना. पण विचाराल तर हे निवृत्त मास्तर आहेत, पेन्शन अडकलेले, सारखे घसा खाकरतात. आणि फाटकावरचा रखवालदार, तिथलाच गावातला, संध्याकाळी आभाळाकडं बघून विचारायचा, आलं का ते? गायीमागं गेलेल्या लेकराबद्दल विचारावं तसं.

जोया हे ऐकत राहायची आणि तिचं मन भरून यायचं. एकच विमान, चार माणसं बसतील एवढं, रंग उडालेलं, नाकावरच्या पंख्याच्या टोकाला खरचटलेलं. आणि त्यातच कुणाला बाई मिळालेली, कुणाला भाऊ, म्हातारा, मास्तर, लेकरू. कुणी कुणाचं खोडत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर सगळी त्याच्याबद्दल बोलायची आणि परक्या माणसाला वाटलं असतं, ही पाच-सहा जणांबद्दल बोलताहेत. केवढी मोठी माणसं ही, तिला वाटायचं. ढगांची, वाऱ्याची, दाबाची गणितं तोंडपाठ असलेली, आणि तरी एकालाही नुसत्या वस्तूत बसून वर जायला जमत नव्हतं. जमिनीवर चालतं. जमिनीवर खुर्ची ही खुर्ची असते. पण खालची घरं काड्यापेटीएवढी झाली, कानात दडा बसला, शेजारची सीट मोकळी असली, की माणसाला कुणीतरी लागतं. मग जो तो आपापल्या भाषेतून, आपापल्या घरातून, कुणीतरी बोलावून आणतो. अब्बांचं शेड एवढं मोठं आहे हे तिला तिथं गेल्यावर कळलं. ते कळलं त्या रात्री तिनं घरी फोन केला आणि उगाचच अब्बांशी खूप वेळ बोलली.

तिनं त्या विमानात खाला बोलावली. गेवराईची शाईस्ता खाला, अम्मीची थोरली बहीण, अंगानं जाड, ब्लाउज शिवून देणारी. जिना चढताना प्रत्येक पायरीला या अल्ला म्हणणारी आणि तरी गच्चीवर सगळ्यांच्या आधी पोचणारी. दुपारच्या उन्हात ते विमान वर चढायला असंच कुरकुरायचं. धापा टाकायचं, थरथरायचं, आता बसतंय खाली असं वाटायचं, आणि मग धापा टाकतच वर जायचं. जोयाला पहिल्यांदा ते कळलं तेव्हा ती हसली आणि सगळी भीती गेली. गेवराईला सुट्टीत गेली की खाला तिला हायवे ओलांडून बाजारात न्यायची. दोन्हीकडून वाळूचे ट्रक, उसाच्या गाड्या, हॉर्न. खाला मनगट धरायची. घाबरू नको वगैरे काही म्हणायची नाही. मनगट धरून आपल्या चालीनं चालायची, ना भरभर ना थांबून, आणि पलीकडं गेल्यावर सोडायची. मनगट लाल झालेलं असायचं. जोया एकटी वर गेली त्या पहिल्या दिवशी तिच्या मनगटाला ते लाल वळ आठवले होते. तुझं नाव ठेवलंय विमानाला, असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा खाला शिलाई मशीन थांबवून म्हणाली होती, "मेरेकु पेट्रोल नै लगता बाई. चाय लगती."

आणि मग अब्बा आले बघायला. गॅरेज बंद ठेवून, नवा पायजमा-कुर्ता घालून, अम्मीनं दिलेल्या करंज्यांचा डबा घेऊन. कॅप्टनसाहेबांनी परवानगी दिली, पंजाबी इंजिनिअरनं त्यांना इंजिन उघडून दाखवलं. दोघं एक तासभर त्या झाकणाखाली डोकं घालून होते, एकाची पंजाबी हिंदी, एकाची दखनी, आणि निघताना एकमेकांचे नंबर घेतलेले. मग अब्बा खालाच्या पंखापाशी आले. पंखावर तळहात ठेवला. मान कलती केली, पण इंजिन बंद होतं, ऐकायला काही नव्हतं. जोया त्यांच्या शेजारीच उभी होती, तिचाही हात त्याच पंखावर, पत्रा उन्हानं तापलेला. अब्बांचे डोळे भरले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, माळावरच्या त्या सगळ्या आभाळाकडं बघितलं, आणि आनंदानं त्यांचा तोल गेला. "बस बेटा," ते म्हणाले, "अब इसकू छोड़ देने का. अब बड़ा जहाज."

जोयाच्या छातीत धस्स झालं. लहानपणी झालं होतं तसंच. तिनं झटकन अब्बांच्या तोंडाकडं हात नेला आणि मध्येच थांबवला. मोठ्या बापाच्या तोंडावर कसा हात ठेवायचा? अब्बांना काही कळलं नाही. ते कुर्त्यानं डोळे पुसत राहिले. आयुष्यभर जगाला टपरीवर नेऊन बोलायला लावणारा माणूस, त्याचं स्वतःचं बोलणं गाडीच्या अंगावर हात ठेवून झालं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जोया एकटीच असताना, उतरताना, मागची चाकं अलगद टेकली, मग पुढचं टेकलं आणि थडथडायला लागलं. दात वाजावेत तसं. नाक डावीकडं वळलं. तिनं उजवं पेडल दाबलं, आणखी दाबलं, पायात होतं नव्हतं ते सगळं दाबलं, आणि खाला ऐकेना. धावपट्टी सुटली, गवत आलं, खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, नाक खाली गेलं, पंखा मातीत घुसला. मग एकदम शांतता. तिनं हातानं एकेक करून सगळं बंद केलं, शिकवल्यासारखं, आणि दार उघडून बाहेर आली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. चौकशी झाली. पुढच्या चाकाच्या दांड्यात आतून जुनी चीर गेलेली, वरून दिसण्यासारखी नव्हतीच. तिची चूक नाही, कुणाचीच नाही. खालाला ओढून कोपऱ्यात नेलं आणि तिचे सुटे भाग काढायला घेतले. जोयाला सुट्टी दिली.

घरी तिनं सांगितलं, चाक पंक्चर झालं, दुरुस्ती चालू आहे. कारण खरं सांगितलं असतं तर अब्बांना क्षणात उमगलं असतं. चीर, दांडा, चौकशी, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं असतं, मान डोलावली असती, आणि मनात एकच राहिलं असतं, की मी बोललो. पोरगी आत बसायची होती आणि मी बोललो. तिला हे इतकं स्वच्छ दिसत होतं, कारण तिच्याही मनात तेच होतं. तीच तर गोची होती. चीर जुनी होती हे ती शंभर जणांना पटवून देऊ शकली असती, स्वतःला नाही. जेवताना अब्बांनी तिच्या ताटात वाढलं की तिला त्यांचा राग यायचा, आणि रागाची लाज वाटायची, आणि मग ती उगाच जास्तीची भाकरी खायची. परत जायचं नाही म्हणावं तर कावून हा शब्द येणार. जावं तर पाय हा असा. रिक्षा गॅरेजपाशी थांबली तेव्हा तिनं हातानं गुडघा दुमडला आणि डबा घेऊन खाली उतरली.

लिंबाखाली पाटोद्याकडचा सटवा बसला होता, शेळ्या-मेंढ्यांची ने-आण करणारा, अब्बांचं जुनं गिऱ्हाईक. त्याची पिकअप शेजारी, मागच्या जाळीतून दोन बोकड बाहेर बघत होते. जोयाला बघून तो उठलाच.

"बरं झालं आलीस पोरी. तुझ्या बापाला एकदा डाक्टरला दाव."

"काय झालं सटवामामा?"

"मागल्या बाजाराला आलतो मी. नुसतं ऑइल बदलायचं होतं. तर ह्यो मानूस माझ्या गाडीच्या तोंडाम्होरं हुबा ऱ्हाऊन म्हणतो, इकून टाक ही, भंगारात दे. तिच्या म्होरं म्हणतो! मी म्हणलं मिस्त्री, टपरीवर चला, तर येईना. दोनदा म्हणला. मोठ्यानं." सटवानं पिकअपकडं चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाटोद्यापतूर मी बैलगाडीवाणी गेलो. गाडीला काय झालं न्हाई, गाडी गुणाची हाय. माझाच जीव जाग्यावर न्हवता. आन मला एकट्यालाच न्हाई. त्या शिरूर कासारच्या ट्रॅक्टरवाल्याला पण तसंच बोलला."

जोयाला आधी काही समजेना. मग शेडमध्ये आतून अब्बांचा आवाज आला. एका जीपच्या पुढं ते उभे होते, दोन्ही हात मागं बांधून, आणि त्या जीपला, दुसऱ्या कुणाला नव्हे, मालक तर तिथं नव्हताच, शांतपणे सांगत होते, "तुला इकायची हाय. पुढल्या म्हैन्यात. कापून भंगारात." बॉनेटला हात नाही, मान कलती नाही. हॉस्पिटलात नर्स नाव वाचते तसा आवाज. ते वळले आणि दारात लेकीला बघून जागच्या जागी थांबले. गॅरेजात बाप-लेक मराठीतच बोलायचे, गिऱ्हाइकांत राहून लागलेली सवय. घरी गेल्यावर दखनी.

"अब्बा, हे काय चाललंय?"

अब्बांनी डबा घेतला, नीट फळीवर ठेवला. मग म्हणाले, "त्या इंजनवाल्या सरदारजीनं सांगितलं मला. त्याच दिशी फोन आलता. नाक मोडलं, पंखा वाकला, आता ती उडत न्हाई."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. पंक्चरची गोष्ट त्यांनी ऐकून घेतली, दोन वेळा मान डोलावली, आणि तिच्या ताटात वाढत राहिले.

"मला सांगितलं का न्हाई?"

"तू मला कावून सांगितलं न्हाई?" अब्बा म्हणाले, आणि दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. बाहेर बोकड ओरडला. अब्बा फडक्याला हात पुसत राहिले, हात कोरडेच होते तरी. "म्या बोललो तिच्या तोंडावर," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना दंडाला धरून भाईर नेलं आन सोता तिच्या अंगावर हात ठिवून बोललो. तू आत बसणार व्हतीस. झोप न्हाई मला तवापासून. मग म्हणलं, एकदाचं बघूच. खरंच आयकतात का बघू. आली ती गाडी, तिच्या म्होरं बोललो. इकतो तुला, कापतो तुला. सटवाची, त्या ट्रॅक्टरवाल्याची, सगळ्यांची. रोज फोन करून इचारतो, नीट गेली का. सगळ्या नीट गेल्या बेटा. घाट चढल्या, घाट उतरल्या. एक बी बसली न्हाई." त्यांनी शेडकडं हात केला. "लोखंड हाय. नुसतं लोखंड. कुणी आयकत न्हाई, कुणाला राग येत न्हाई. माझ्या बोलण्यानं काय झालं न्हाई. आता तू बिनघोर जा सोमवारी."

हे त्यांनी असं सांगितलं, जणू घरात कुणी गेल्याची खबर देताहेत. आणि जोयानं शेडमध्ये पाहिलं. तीच जीप, तेच टायर, तोच तेलाचा वास, पण तिथं कुणी नव्हतं. ह्या माणसानं आपलं अख्खं गणगोत एकेक करून, तोंडावर बोलून बोलून मारून टाकलं होतं, आपल्या लेकीला आभाळात जाता यावं म्हणून. उभ्या बीडमध्ये एवढं मोठं काही कुणी लेकीसाठी केलं नसेल. तिला हवं होतं ते हेच तर होतं, पुरावा. आता हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटेना. सोमवारी ती लोखंडात बसणार होती. कॅप्टनसाहेबांची ती, सरदारजींचा भाऊ, सोन्याच्या दातवाल्याची पाकोळी, पेन्शन अडकलेले मास्तर, सगळे खोटे. मग त्या सकाळी ती कुणाबरोबर होती? तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते पायाच्या आठवणीतून नव्हे तर डोळ्यांसमोर आणून पाहिलं. नाक डावीकडं वळलं होतं, खरं. पण मग गवतात गेल्यावर? गवताच्या पलीकडं पावसाच्या पाण्याची खोल नाली होती, सिमेंटची. खाला नाक खाली घालून, धापा टाकत, नालीच्या अलीकडं थांबली होती. पंख जागचे हलले नव्हते. पेट्रोलचा एक थेंब गळला नव्हता. दार पहिल्याच ढकलण्यात उघडलं होतं. आणि बाहेर येऊन उभी राहिल्यावर जोयाच्या मनगटात कळ होती, हातातला सुकाणूचा दांडा घट्ट धरल्याची. तिनं धरला होता तो. निदान आजवर तिला तसंच वाटत होतं.

"अब्बा," ती म्हणाली, "तिनं आयकलं होतं."

अब्बांचा चेहरा पांढरा पडला. ती घाईनं पुढं बोलली, कारण हे अर्धवट सोडून चालणार नव्हतं.

"सगळं आयकलं. माझा हात होता तिच्यावर, मला म्हाईत हाय. तिला वाईट वाटलं असंल. रातभर मनात ठेवलं असंल. चीर बी होतीच आधीपासून, ती बी सोसत होती, बोलली न्हाई. आन सकाळी मला घेऊन वर गेली. वर काय बी केलं न्हाई तिनं, अब्बा. वर मोडली असती तर? मला आधी खाली आणलं, चाकं टेकवली, आन मग मोडली. ती बी नालीच्या अलीकडं."

बाहेर सटवा पिकअपशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत होता, तेवढं ऐकू येत होतं.

"आन ह्या तुमच्या सगळ्या," जोया म्हणाली, "ह्यांनी बी आयकलं. तुमी बोलला म्हणून मनावर घेतलं न्हाई. दुसरा कुणी असता तर घाटात बसवला असता."

दिलावर मिस्त्री एका जुन्या टायरवर बसले आणि रडले. आवाज न करता, फडकं तोंडाशी धरून, बराच वेळ. जोया त्यांच्याजवळ जमिनीवर बसली, नव्या कपड्यांना तेल लागलं तरी बसली. तिलाही रडू आलं, आणि ते तिनं येऊ दिलं. किती दिवसांनी तिला बापाचा राग येत नव्हता, नुसतं प्रेम येत होतं. थोड्या वेळानं अब्बांनी नाक पुसलं.

"नवं आलंय म्हणं," ते म्हणाले. "बाई हाय का बाप्या?"

"उद्याच्या बसनं निघते," जोया म्हणाली. "आधी भेटू तर द्या."